तलावाच्या पाणलोटात येणाऱ्या टाउनशिपला हरकत कधी आणि कशी घ्यावी?

आपल्या गावच्या पाझर तलावाच्या वरच्या उतारावर घरे, दुकाने आणि हॉटेल असा एकत्रित प्रकल्प प्रस्तावित आहे आणि जनसुनावणीपर्यंत थांबावे का, असे आपण विचारले आहे. थांबू नये, कारण ती सुनावणी बहुधा होणारच नाही. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन (ईआयए) अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि क्षेत्र ५० हेक्टर किंवा बांधकाम १,५०,००० चौरस मीटर झाले की आघात मूल्यांकन अहवालही लागतो. परंतु बांधकाम प्रकल्प व टाउनशिप यांना त्याच अधिसूचनेने जनसुनावणीतून वगळले आहे. (मर्यादेखाली राहण्यासाठी एकाच प्रकल्पाचे कागदोपत्री तुकडे पाडले जातात, तेही तपासावे.)

जमीन शेती किंवा हरित विभागात असून तो विभाग बदलावा लागत असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली फेरबदलाची सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. गावाला अधिकृतपणे बोलण्याची ही पहिली आणि बहुधा सर्वांत चांगली संधी असते, आणि तिची जाहिरात निविदांच्या गर्दीत सहज नजरेआड होते. आमच्या तालुक्यातील अशाच एका प्रकरणात हरकतींचा ढीग पडला होता, परंतु बहुतेकांवर एकच छापील मजकूर असल्याने त्या एकत्रच निकाली निघाल्या. अधिकाऱ्यांनी प्रश्न विचारले ते विहिरींच्या नोंदी जोडलेल्या मोजक्या अर्जांवर.

म्हणून आपल्या हरकतीचा भर पाण्यावर असावा. मराठवाड्याच्या बहुतांश भागात खाली काळा कातळ आहे आणि अखंड कातळात पाणी जवळजवळ साठत नाही. ते वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात आणि कातळाच्या भेगांत असते. तळघरे व पार्किंगसाठी नेमका हाच थर खणला जातो, खड्ड्यात उतरणारे पाणी पंपाने उपसून टाकले जाते आणि उरलेल्या उतारावर काँक्रीट पडते. पाझर तलाव बांधलेला असतो तो पाणी मुरवून खालच्या विहिरींना देण्यासाठी, त्यामुळे उतार झाकला गेल्यास तलावात गाळ व सांडपाणी येईल आणि विहिरींना उन्हाळ्यात काय उरेल, हे गट क्रमांकानिशी लिहावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागवाव्यात. प्रकल्पाला रोज लागणारे पाणी कोठून येणार, हेही विचारावे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या विभागात ‘टँकरने’ हे उत्तर पुरेसे मानता येत नाही.

गावनकाशावरचा ओढा प्रकल्पाच्या आराखड्यात दिसतो का आणि गायरानाचा तुकडा आत घेतला आहे का, हेही पाहावे. सार्वजनिक वापराच्या गावजमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणात दिले आहेत. जायकवाडी किंवा गौताळा अभयारण्य जवळ असल्यास पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेतील गावांची यादी वाचावी.

प्रकल्पाचा अर्ज केंद्र सरकारच्या पर्यावरण मंजुरीसाठीच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर मिळतो. मंजुरीपूर्वीच, ती देणाऱ्या राज्यस्तरीय पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाला लेखी निवेदन द्यावे आणि पोच घ्यावी. मंजुरी मिळालीच, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे अपील करण्यास ३० दिवस मिळतात. सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवसांपर्यंतचा विलंब माफ होऊ शकतो, त्यानंतर मात्र नाही. मंजुरीची जाहिरात वृत्तपत्रात द्यावी लागते, म्हणून ते कात्रण तारखेसह जपावे आणि वकिलांचा शोध मात्र आजच सुरू करावा.