डेकवर सावध करताना काय ओरडायचं?

तुझा प्रश्न असा आहे: जीपी रेटिंगचा, म्हणजे जहाजावरच्या साध्या खलाशाचा, कोर्स झाला, पहिल्या जहाजावर फिलिपिनो आणि युक्रेनियन लोकांबरोबर काम करायचंय. ‘बी केअरफुल’, ‘बिवेअर’, ‘लुक आउट’, ‘वॉच आउट’, ‘हेड्स अप’ या सगळ्यांचा अर्थ शब्दकोशात ‘सावध राहा’ असाच दिलाय, मग कुठला कधी वापरायचा? तू वयाने लहान, म्हणून एकेरीत लिहितो. माझी सगळी नोकरी डेकवर गेली, शेवटी शेवटी सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणून. त्यामुळे डेकवर प्रत्यक्ष काय चालतं तेच सांगतो.

सगळ्यात आधी ‘बी केअरफुल’ बाजूला ठेव. काम सुरू होण्याआधी धोके समजावून सांगायला जी छोटी टूलबॉक्स मीटिंग होते, तिच्यात ते ठीक आहे. पण एखाद्याच्या पाठीमागून क्रेनचा हुक येत असताना ‘बी केअरफुल’ म्हटलंस तर त्याला कशापासून जपायचं आणि कुठे सरकायचं हे कळत नाही. तो वळून तुझ्याच तोंडाकडे बघत राहतो. ऐकल्याबरोबर माणूस जागीच थांबेल किंवा बाजूला होईल असाच शब्द हवा. ‘स्टॉप’ आणि ‘स्टँड क्लिअर’ (दूर हो) हे दोन सगळ्या देशांच्या खलाशांना कळतात. ‘स्टॉप’ ओरडायला हुद्दा लागत नाही. क्रेन चालू असताना ट्रेनी ओएसने, म्हणजे शिकाऊ खलाशाने, ‘स्टॉप’ म्हटलं तरी क्रेनवाल्याने थांबायचंच असतं. कारण नंतर सांगता येतं.

‘वॉच आउट’ आणि ‘लुक आउट’ ओरडायला चालतात, अर्थ जवळपास एकच. ‘आउट’ आहे म्हणून बाहेर वाकून बघायचं नाही, एवढं लक्षात ठेव. ‘हेड्स अप’ मात्र डेकवर मी कुणाला वापरू देत नसे. वरून शॅकल (जोडणीची लोखंडी कडी) निसटला आणि खाली ‘हेड्स अप’ ऐकू आलं की माणूस हटकून मान वर करतो आणि हेल्मेटखालचा चेहरा उघडा पडतो. तिथेही ‘स्टँड क्लिअर’च. ‘बिवेअर’ पाटीवर लिहायचा शब्द आहे, तो कुणी ओरडत नाही. ‘माइंड युवर हेड’ ब्रिटिश वळणाचे अधिकारी म्हणतात, अमेरिकन ‘वॉच युवर हेड’ म्हणतात. दोन्हीचा अर्थ वर ठेंगणी चौकट आहे, डोकं आपटेल.

मुरिंगबद्दल, म्हणजे जहाज धक्क्याला रस्स्यांनी बांधण्याबद्दल, जरा सविस्तर लिहितो, कारण नवीन पोरांना सगळ्यात जास्त धोका तिथे असतो. आफ्ट स्टेशनला (जहाजाच्या मागच्या टोकाला) विंच हीव्ह करत, म्हणजे रस्सी ओढत असते आणि रस्सी ताणली की बऱ्याचदा आधी करकर आवाज येतो. तो आवाज ऐकलास की ‘स्टॉप हीव्हिंग!’ ओरड. पायाशी रस्सीचा सैल वळसा पडलेला असतो, त्याला ‘बाइट’ म्हणतात. कुणाचा पाय त्यात दिसला तर ‘स्टँड क्लिअर ऑफ द बाइट!’ ‘लाइन पार्टेड’ म्हणजे रस्सी तुटली. हा शब्द आधीच माहीत असू दे, तेव्हा विचार करायला वेळ नसतो. तुटलेली सिंथेटिक रस्सी इतक्या वेगाने उलटी येते की बघून बाजूला होणं जमत नाही. पूर्वी डेकवर रंगाने स्नॅप-बॅक झोन, म्हणजे तुटलेली रस्सी उलटी येऊन लागेल ती जागा, आखत. ब्रिटनच्या खलाशांसाठीच्या सुरक्षा संहितेने तसं आखणं टाळायला सांगितलं, कारण रेषेच्या बाहेर उभा असलेला माणूस स्वतःला सुरक्षित समजतो. अख्खं मुरिंग डेकच धोक्याचं धरून चाल. विंचच्या आवाजात शब्द विरतात, म्हणून हाताच्या खुणा पहिल्याच दिवशी तिथल्या सारंगाकडून शिकून घे.

‘लुकआउट’ जोडून लिहिला की तो पहारा होतो. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम हाच: डोळ्यांनी आणि कानांनी सतत पहारा ठेवायचा. ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, उभा असलास की वस्तू आणि दिशा सांग: ‘व्हाइट लाइट, टू पॉइंट्स ऑन स्टारबोर्ड बो’ (पांढरा दिवा, नाळेपासून उजवीकडे दोन पॉइंट). एक पॉइंट म्हणजे सव्वाअकरा अंश. अधिकाऱ्याने आधीच पाहिलं असेल असं समजून गप्प बसू नकोस. त्याने उत्तर दिलं नाही तर पुन्हा सांग. तसंच, तुला दिलेली ऑर्डर तू मोठ्याने परत म्हणायची. कळली नसेल तर ‘से अगेन’ म्हण, ‘येस सर’ म्हणून मान डोलावू नकोस. १९९० मध्ये स्कँडिनेव्हियन स्टार या फेरीबोटीला आग लागून दीडशेहून जास्त माणसं गेली, तेव्हा बरेच कर्मचारी आणि प्रवासी एकमेकांची भाषाच बोलत नव्हते.

समुद्रावर बोलायची ठरावीक इंग्रजी वाक्यं आयएमओ या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये मंजूर केली. त्यांना एसएमसीपी म्हणतात. त्यात रेडिओवरच्या वाक्याआधी ‘वॉर्निंग’, ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘इन्स्ट्रक्शन’, ‘क्वेश्चन’ असं लावता येतं, म्हणजे पुढे काय येतंय ते आधीच कळतं. ‘मे’, ‘कॅन’ असे संदिग्ध शब्द टाळायला सांगितलंय. जायच्या आधी रोज थोडं मोठ्याने वाच. रेडिओच्या चॅनल १६ वर, म्हणजे संकटाच्या हाकेच्या चॅनलवर, ‘मेडे’ तीनदा ऐकलंस तर कुणाच्या तरी जिवावर बेतलंय. ‘पॅन पॅन’ म्हणजे तातडीचं, पण अजून तितकं गंभीर नाही. ‘सेक्युरिते’ म्हणजे हवामानाची किंवा मार्गातल्या धोक्याची सूचना. ऐकल्याबरोबर अधिकाऱ्याला सांग.

पेंट लॉकरमधल्या डब्यांवर ‘डेंजर’ आणि ‘वॉर्निंग’ असे दोन शब्द दिसतील. ‘डेंजर’ जास्त घातक. आणि ‘फ्लेमेबल’, ‘इनफ्लेमेबल’ दोन्ही म्हणजे पेट घेणारं. पुढच्या ‘इन’मुळे भलता अर्थ काढू नकोस.

राहिला कंपनीच्या मेलमधला ‘जस्ट अ हेड्स अप’. तिथे घाबरण्यासारखं काही नाही, आधी कल्पना देऊन ठेवली एवढंच. जॉइनिंग पुढे जाईल असं त्यात असेल तर मेडिकल आणि व्हिसाच्या तारखा पुन्हा बघून घे, मुदत मध्येच संपत असेल तर ऑफिसला तेव्हाच लेखी कळव.