‘किला’मधला र गेला कुठे?

प्रश्न असा आला आहे : “अकरावीतली भाची दिवसभर ‘फॅशन किला’ असं काहीतरी गुणगुणत असते. हा किल्ला कसला? ‘किलर’ म्हणायचं असेल तर र कुठे गेला? आणि याला मराठीत काय म्हणाल?”

किल्ल्याशी काही संबंध नाही. आपला किल्ला अरबीतून आलेला. हे गाणं न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या एसॅप रॉकी या रॅपरचं, २०१३ सालचं. मैत्रिणीच्या कपड्यांचं कौतुक हा त्याचा विषय, आणि कौतुक कसं, तर ब्रँडच्या नावांची नुसती माळ ओवलेली.

‘किला’ म्हणजे किलरच. न्यूयॉर्कच्या जुन्या बोलीत आणि आफ्रिकन-अमेरिकन इंग्रजीत शब्दाच्या शेवटचा र गळतो. लंडनकरही तो गाळतात म्हणा, पण लिहिताना इमानेइतबारे ठेवतात. रॅपवाले लिहितानाच काढून टाकतात : गँगस्टरचा गँगस्टा, प्लेयरचा प्लेया. हे अज्ञान नव्हे, मुद्दाम केलेलं आहे. हार्लेमचाच रॅपर कॅमरॉन ‘किला कॅम’ म्हणून ओळखला जातो. २००२ साली न्यूयॉर्कच्या फॅशन वीकला गुलाबी फरचा कोट घालून गेला होता, तोच हा.

या र चा आणि कपड्यांच्या दुकानांचा एक गमतीशीर संबंध आहे. १९६२ साली विल्यम लबॉव्ह हा भाषाशास्त्रज्ञ मॅनहॅटनमधल्या तीन दुकानांत गेला. सॅक्स महागडं, मेसीज मध्यमवर्गाचं, क्लाइन स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूचा पत्ता विचारायचा आणि विक्रेता ‘फोर्थ फ्लोअर’ म्हणताना र उच्चारतो का ते टिपायचं, एवढंच काम. र सर्वांत जास्त ऐकू आला सॅक्समध्ये, सर्वांत कमी क्लाइनमध्ये. म्हणजे या शहरात र हा महागड्या कपड्यांच्या बाजूचा! आपल्याकडे ‘पाणी’ आणि ‘पानी’वरून माणसाची पायरी ठरवतात, तसंच. रॉकी मात्र कपडे घेतो सॅक्सच्या तोडीचे आणि र दारातच सोडून येतो. एखाद्या मराठी रॅपरने पैठणीवर गाणं करावं आणि त्यात ठासून ‘पैठनी’ म्हणावं, तशी ही ऐट.

शिवाय यमकाचा हिशोब आहेच. गाण्यातली नावं बघा : प्राडा, गब्बाना, एस्काडा, बालेन्सियागा. सगळी आकारान्त. ‘किलर’ या रांगेत उभाच राहिला नसता. ‘किला’ अलगद बसतो. प्राडाच्या आधीचं ‘लॉट ऑफ’सुद्धा ‘लॉटा’ होऊन येतं. इटली, जर्मनी, स्पेन कुठकुठल्या नावांचा काफिया हार्लेमच्या उच्चाराने जुळवलाय. मला गाण्यातली खरी कारागिरी इथे दिसते. बाकी ती यादी जरा लांबतेच.

आता मराठी शब्द. इंग्रजीत नटूनथटून निघालेल्याला ‘ड्रेस्ड टु किल’ म्हणतात, म्हणजे बघणारा घायाळ व्हावा असं. किला त्यातलाच. आपल्याकडे ‘फॅशन मारणे’ आहे खरं, मारणंही आहे त्यात, पण सूर कौतुकाचा नाही. ‘काय फॅशन मारते!’ यात टोमणा असतो. ‘जीवघेणी’ अर्थाला बरा, पण तो अदेला आणि नजरेला शोभतो. जाकिटाला जीवघेणं म्हटलं तर ते काचतंय की काय असं वाटेल. माझं मत ‘खल्लास’ला. जीव घेणं आणि वाहवा, दोन्ही त्या एका शब्दात आहे : ‘त्याला खल्लास केला’ आणि ‘काय दिसतेय, एकदम खल्लास!’ यमकासाठी शेवटी आ हवाच असेल तर कोल्हापूरचा ‘नादखुळा’ चालवा. त्यात मारामारी नाही, पण प्राडाशेजारी तो बिनदिक्कत उभा राहतो. भाचीला म्हणून दाखवा आणि तिला पटतो का ते कळवा.