रडारला गारा दिसतात, तसे पक्षी आणि किडेही

प्रश्न : आमच्या रावेर भागात एका गारपिटीत केळीची उभी बाग झोपते. जास्त वारंवारतेच्या रडारला अधिक बारीक दिसते म्हणतात. मग गारांसाठी तेच का लावत नाहीत? आणि रडारवर पक्षी-किडेही दिसतात, हे खरे का?
(एक केळी उत्पादक, ता. रावेर)

उत्तर : वारंवारता वाढली की तरंगलांबी घटते, आणि रडारला काय दिसणार हे वस्तूचा आकार आणि ती तरंगलांबी यांच्या प्रमाणावर ठरते. हवामानाच्या रडारांचे एस, सी आणि एक्स हे वारंवारतेचे पट्टे प्रचलित असून त्यांची तरंगलांबी अनुक्रमे सुमारे १०, ५ आणि ३ सेंटिमीटर असते. बारीक थेंबांच्या बाबतीत तुमचे म्हणणे खरे आहे, कारण तरंगलांबी निम्मी केली की त्याच थेंबाकडून येणारा परतावा (आदळून परतणाऱ्या लहरींचा जोर) तत्त्वतः १६ पट होतो.

बोराएवढी गार मात्र एक्सच्या तरंगलांबीच्या जवळपास जाते. तेथे हा हिशेब मोडतो आणि परताव्यावरून गारेचे माप सांगणे अवघड होते. त्याहून मोठी अडचण ही, की जोरदार पाऊस आणि ओल्या गारा एक्सच्या लहरी वाटेतच शोषून व विखरून टाकतात, त्यामुळे पहिल्या ढगामागचा दुसरा, कदाचित अधिक घातक ढग फिका दिसतो किंवा दिसतच नाही. एसच्या लहरी हा पडदा बऱ्याच अंशी पार करतात, म्हणून गारांसाठी मी एसलाच पसंती देईन.

निव्वळ परताव्याच्या जोरावर गार ओळखता येत नाही, म्हणून आडव्या आणि उभ्या दिशेने कंप पावणाऱ्या अशा दोन्ही लहरी सोडणारी रडारे वापरतात. पडणारा मोठा थेंब बट्टीसारखा खालून चपटा होतो व आडवा परतावा जास्त देतो. गार गडगडत येते, त्यामुळे तिचे दोन्ही परतावे जवळजवळ सारखे असतात.

पक्षी आणि किडे खरोखरच दिसतात, अगदी निरभ्र आकाशातही. या दोन लहरींचा मेळ (दोन्ही परतावे एकमेकांबरोबरच कमी-जास्त होणे) पावसात जवळजवळ पूर्ण असतो, तर भोरड्यांच्या थव्यात किंवा पतंगांत तो बराच ढळतो. त्यावरूनच त्यांना पावसापासून वेगळे काढतात.

अंतराचाही प्रश्न आहेच. अर्धा अंश वर रोखलेली लहर ३०० किलोमीटरवर जमिनीपासून सुमारे ८ किलोमीटर उंच गेलेली असते. मुंबईहून रावेर त्याहूनही दूर आहे, म्हणून तुमच्या शिवारातील कपाशीवरचे पतंग तेथील रडारला दिसणार नाहीत. गारांच्या ढगाचा माथा तेवढा दिसू शकेल.