‘उद्धट’ हा शब्द वहीतून खोड

लॅबच्या प्रिय नव्या गटप्रमुखास,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य खटकलं: ‘मुलगा उद्धट आहे, पण ऑटिस्टिक असावा म्हणून काही बोलत नाही.’ निदान करणं डॉक्टरांवर सोड. आणि ‘उद्धट’ खोडून काय घडलं ते लिही: उणे 80 अंशांच्या फ्रीजरमधला आपला नमुन्यांचा डबा भलत्याच खणात दिसला, तेव्हा तो ज्युनिअरला चारचौघांत ‘अक्कल नाही का’ म्हणाला. आता यावर बोलता येतं.

त्याच दिवशी, डोकं निवल्यावर, दार लावून पंधरा मिनिटं बस. काय घडलं, समोरच्याला काय सोसावं लागलं, पुढच्या वेळी काय करायचं, एवढंच बोल. ‘जरा सांभाळून घे’ म्हटलंस तर नेमकं काय सांभाळायचं हे त्याला कळणार नाही. खरं तर कुणालाच कळत नाही. नंतर दोन ओळींची मेल: ‘डबा हललेला दिसला तर फोटो काढून मला पाठव. कुणाच्या अकलेवर बोलायचं नाही.’ दोन आठवड्यांनी पुन्हा भेट. तरी तसंच झालं, तर इतरांवर होते तीच कारवाई. निदानाचा कागद दाखवला म्हणून ज्युनिअरचा अपमान भरून निघत नाही.

पण डबा हललाच कसा? फ्रीजरच्या दारावर खणांचा नकाशा नसेल, तर अर्धं भांडण तिथंच आहे. नकाशा लाव. विचारल्याशिवाय दुसऱ्याचा डबा हलवायचा नाही, हा नियम सगळ्यांना, तुलाही.

नजरेला नजर न देणं, चहाला न येणं, जर्नल क्लबमध्ये, म्हणजे शोधनिबंधांवरच्या चर्चेत, ‘या आलेखात कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) नाही’ असं तोंडावर सांगणं, हे गैरवर्तन नव्हे. गंमत म्हणजे याचा आपल्याला राग येतो, आणि मोठी ग्रँट आणणारे सर ओरडले की ‘त्यांचा स्वभावच तसा’.

अशा सहकाऱ्यासाठीच्या सोयी फारशा खर्चिक नसतात. मीटिंगचा अजेंडा आदल्या दिवशी दे, प्रश्न लेखी चालतील असं सांग. ‘लवकर कर’ऐवजी ‘गुरुवारी 4 पर्यंत तीन प्लेट्सचे फोटो’ म्हण. टेबलावर हेडफोन चालतील; सेंट्रीफ्यूजपाशी (नमुने वेगानं फिरवणाऱ्या यंत्रापाशी) अलार्म ऐकू यायला हवा, तिथे नाहीत. गॉगलचा पट्टा टोचत असेल तर दुसरा प्रकार मागव, पण गॉगलशिवाय काम नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन-लेखनासारख्या गोष्टींतली अडचण) आहेत, एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता) स्वतंत्रपणे नाही. सरकारी संस्थेला दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी वाजवी सोयी करून द्याव्याच लागतात. मात्र अजेंडा आधी पाठवायला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र कशाला हवं? कुणी आपणहून निदान सांगितलं तर ते तुझ्यापाशीच राहू दे. ‘त्याला समजून घ्या’ असं लॅबभर सांगणं म्हणजे ते फोडणंच.

लैंगिक छळाची तक्रार मात्र तू मिटवायला जाऊ नकोस. महिला सहकाऱ्याला अशा तक्रारींसाठीच्या संस्थेच्या अंतर्गत समितीची वाट दाखव. तक्रारीची मुदत साधारण घटनेपासून तीन महिने. 2013 चा कायदा वर्तन नकोसं होतं का हे पाहतो, त्यामुळे ‘हेतू तसा नव्हता’ एवढ्यावर ते प्रकरण संपत नाही.

आणि त्या ज्युनिअरला उद्याच भेट. तुझ्या चार पानी पत्रात तिचं म्हणणं काय, याची एकही ओळ नाही.