‘समतोल’ म्हणजे निम्मे-निम्मे का?

प्रश्न असा आहे : दोन समघटकांमध्ये, म्हणजे रेणुसूत्र एकच पण रचना वेगळी अशा पदार्थांमध्ये, रासायनिक समतोल साधला, तर मिश्रणात ते निम्मे-निम्मे असायला हवेत ना, ‘समतोल’चा अर्थच तो? आणि काही जण ‘संतुलन’ लिहितात, त्यातले घ्यायचे कोणते?

‘समतोल’ शब्दात तराजू आहे, त्यामुळे शंका रास्तच. पण या तराजूच्या पारड्यांत वेग ठेवलेले असतात. ‘अ’चा ‘ब’ होण्याचा वेग आणि ‘ब’चा परत ‘अ’ होण्याचा वेग सारखा झाला, की समतोल साधला. कोण किती उरला, हा हिशेब वेगळा.

ग्लुकोज घ्या. त्याच्या वलयाचे अल्फा आणि बीटा असे दोन समघटक आहेत. रेणुसूत्र एकच, फरक फक्त पहिल्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल (OH) गट कोणत्या बाजूला आहे एवढाच. पाण्यात वलय उघडते, पुन्हा मिटते, आणि मिटताना तो गट इकडे किंवा तिकडे जातो. द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल किती वळवते, हे पोलारिमीटर हे उपकरण मोजते. शुद्ध अल्फाचे ताजे द्रावण त्यात ठेवले तर हे वळणे, म्हणजे विशिष्ट वलन, +112.2 अंश दिसते. शुद्ध बीटाचे +18.7. दोन्ही द्रावणे तशीच राहू दिली तर काही तासांनी दोघांचाही आकडा +52.7 वर येऊन थांबतो. सुरुवात कुठूनही करा, मुक्काम एकच! हा बदल दुब्रुनफो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1846 मध्ये नोंदवला.

आता गणित करून पाहा. मिश्रणाचा आकडा दोघांच्या आकड्यांच्या मध्ये, त्यांच्या प्रमाणानुसार पडतो, म्हणून अल्फाचा वाटा असा निघतो : (52.7 − 18.7) भागिले (112.2 − 18.7) म्हणजे सुमारे 0.36. अल्फा 36 टक्के, बीटा 64. बीटामध्ये तो गट वलयाच्या बाहेरच्या बाजूला, ऐसपैस जागेत असतो, म्हणून पाण्यात तो अधिक स्थिर. द्रावणात आम्लाचा थेंब टाकला तर 52.7 लवकर गाठले जाते, पण आकडा बदलत नाही. शिवाय तिथे पोहोचल्यावर अभिक्रिया ‘थांबली’ असे लिहू नये. आकडा स्थिर असतो, रेणूंची ये-जा चालूच असते.

राहिले ‘संतुलन’. अर्थाने ते चूक नाही, तरी माझे मत ‘समतोल’लाच. शाळेत आपण समीकरण ‘संतुलित’ करतो, म्हणजे दोन्ही बाजूंचे अणू मोजून जुळवतो, आणि तो शब्द त्या कामात मुरलेला आहे. ‘अभिक्रिया संतुलित झाली’ असे वाचले, की लिहिणाऱ्याने अणू जुळवले की वेग जुळले, हे कळायला मार्ग राहत नाही.