रेगे संगीताची मुळे कोणती, आणि ते केवळ गांजा ओढणाऱ्यांचे संगीत आहे का?

तुमच्या प्रश्नाचा उत्तरार्ध मी पूर्वी माझ्या चुलतभावाच्या तोंडून ऐकला आहे. दादा उत्तम तबला वाजवतो, आणि त्याने पुढे असेही जोडले होते, की ज्यात समच (आवर्तनाची पहिली मात्रा) सापडत नाही त्याला संगीत म्हणू नये.

त्यानंतर नोकरीनिमित्त मी बर्मिंगहॅमला आलो. स्टील पल्स हा वाद्यवृंद ज्या हँड्सवर्थ भागातून पुढे आला, तेथील एका सभागृहात जमैकन वंशाचे काही वयस्क वादक रविवारी जमत असत. त्यांच्यात मी तबला घेऊन बसलो आणि सवयीप्रमाणे प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर ठणठणीत ‘धा’ देत राहिलो. दोन गाणी सहन केल्यावर ड्रम वाजवणाऱ्या आजोबांनी काठ्या खाली ठेवल्या, माझ्या डग्ग्यावर अलगद हात ठेवला आणि पहिली मात्रा मोकळी सोडायला सांगितले. ‘वन ड्रॉप’ नावाच्या त्या ठेक्यात चारपैकी पहिली मात्रा रिकामी असते, आघात तिसरीवर पडतो, गिटार दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर तुटक वाजते, आणि गाण्याची चाल जवळजवळ बेस गिटारच वाहून नेते. मला तत्क्षणी आपला रूपक ताल आठवला. त्याच्याही समेवर ‘खाली’च, म्हणजे आघाताविना मोकळी मात्रा असते, पण म्हणून त्याला बेताल म्हणण्याची दादाची कधी छाती झालेली नाही.

मुळांविषयी बोलायचे, तर जमैकाचे लोकसंगीत मेंटो आणि रेडिओवरून येणारे अमेरिकन कृष्णवर्णीयांचे संगीत यांतून, 1962च्या स्वातंत्र्याच्या आगेमागे, स्का नावाचे संगीत घडले. त्याची गती मंदावून रॉकस्टेडी झाले आणि 1968च्या सुमारास रेगे. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत मोठमोठे ध्वनिवर्धक रस्त्यावर मांडून चालणाऱ्या ‘साउंड सिस्टिम’नी ते वाढवले. त्याचा आत्मा मात्र रास्ताफारी पंथाच्या ढोलवादनात आणि कृष्णवर्णीयांच्या स्वाभिमानाचे पुरस्कर्ते जमैकन नेते मार्कस गार्वी यांच्या विचारांत आहे. गुलामीत नेलेल्यांच्या वंशजांनी आपला देव आफ्रिकेत, 1930 साली इथिओपियाचा सम्राट झालेल्या हाइले सेलासी यांच्यात शोधला, हे ध्यानात घेतल्याखेरीज ही गाणी कळत नाहीत.

प्रभावाबद्दल एवढेच सांगतो, की 1978 साली किंग्स्टनमध्ये रेगे गायक बॉब मार्ली यांनी मॅन्ली आणि सीगा या कट्टर राजकीय विरोधकांचे हात व्यासपीठावर एकत्र धरले, आणि 1980 साली झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात ते गायले. नवे राष्ट्र जन्माला येताना नशेखोरांना कोणी बोलावत नाही.

आता दादाच्या बाजूने दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. त्या हस्तांदोलनाने जमैकातील राजकीय हत्या थांबल्या नाहीत. उलट 1980च्या निवडणुकीत रक्तपात वाढलाच. तसेच रास्ताफारींमध्ये गांजा धार्मिक विधीचा भाग आहे, हेही खरे. पण ‘गांजा’ हा शब्द तेथे 1845पासून गेलेल्या भारतीय गिरमिटिया (करारबद्ध) मजुरांनी नेला, तेव्हा या बाबतीत नाके मुरडण्याचा अधिकार आपल्याला तरी नाही.

तुम्ही ऐकायला सुरुवात करणार असाल, तर आधी शब्दांकडे लक्ष न देता बेस ऐका आणि पहिल्या मात्रेवर टाळी देऊ नका. दादालाही मी हेच सांगितले होते. त्याने अजून ऐकलेले नाही, आणि मतही बदललेले नाही.