मोठं काहीच झालं नाही, मग रोजचंच का झेपत नाहीये?

"मॅडम, तसं बघायला गेलं तर माझं सगळं बरं चाललंय, नोकरी आहे, घरात कुणाला मोठं आजारपण नाही, नवरा चांगला आहे, मग मला रोजचं साधं आयुष्य का झेपत नाहीये?" मी समुपदेशक आहे, आणि शब्द थोडे इकडेतिकडे करून हा प्रश्न मला कितीतरी जण विचारतात, आणि त्याच्या आत अजून एक प्रश्न असतो जो तोंडावर यायला वेळ लागतो, तो म्हणजे मीच कमी पडतेय का. त्यातल्याच एकीबद्दल आज लिहितेय. तिला विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वय चाळिशीच्या आसपास, ऑफिसात हिशोबाचं काम, दोन मुलं शाळेत, सासरे सोबत राहतात. ती माझ्याकडे आली ती प्रिंटरमुळे. म्हणजे झालं असं की मुलाच्या शाळेचा एक फॉर्म प्रिंट करायचा होता, कागद अडकला, ओढला तर फाटला, आणि ही तिथेच खाली बसून जी रडायला लागली ती थांबेचना. मुलं घाबरली. नवऱ्याला वाटलं कुणाचा तरी वाईट फोन आला. कागद फाटला म्हणून कोण रडतं, हे तिचं तिलाच कळत नव्हतं आणि त्याचीच जास्त लाज वाटत होती. "माझी मैत्रीण एकटीने आईचं आजारपण काढतेय मॅडम, ती नाही रडत, आणि मी प्रिंटरवर रडते," हे ती परत परत म्हणत राहिली.

आता ही जी तुलना आहे ना, ती जवळपास प्रत्येक जण करतो. आपल्या डोक्यात ताण म्हणजे काहीतरी मोठं असं बसलेलं असतं, मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणं. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे ह्या संशोधकांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ घटनांची जी प्रसिद्ध यादी केली त्यात जोडीदाराच्या मृत्यूला ताणाचे १०० गुण होते आणि बाकीच्या घटना त्याखाली उतरत्या. त्या यादीत अडकलेला कागद कुठे असणार? पण पुढे १९८१ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लॅझरस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या बारीकसारीक कटकटी मोजल्या, तेव्हा लोकांच्या मानसिक त्रासाशी ह्या कटकटींचा संबंध मोठ्या घटनांपेक्षा जास्त जवळचा दिसला. मला स्वतःला ह्यात नवल वाटत नाही. घरात मोठं काही घडलं की लोक धावून येतात, ऑफिस रजा देतं, आणि मुख्य म्हणजे आपण स्वतःला सूट देतो, की आत्ता माझं चित्त थाऱ्यावर नाही, चालायचंच. कटकटींना ह्यातलं काही मिळत नाही, शेवटची तारीखही नसते, आणि "कसली एवढी दमतेस" हे बाहेरच्यांच्या आधी आपणच स्वतःला ऐकवतो.

पहिल्याच भेटीत मी तिला कोरे कागद दिले आणि म्हटलं, डोक्यात जे जे आहे ते लिहा, क्रम लावू नका, महत्त्वाचं बिनमहत्त्वाचं बघू नका. तिला वाटलं एका पानात संपेल. संपलं नाही. सासऱ्यांचे डोळे तपासायचेत पण कुठल्या डॉक्टरकडे, धाकट्याला पोहायला घालायचं का, नळ दुरुस्तीवाला येतो म्हणाला होता त्याचं काय झालं, इन्शुरन्सची तारीख, साहेबांच्या परवाच्या मेलमधल्या त्या एका ओळीचा अर्थ काय, नणंदेचा फोन उचलला नव्हता ती रागावली असेल का, मोठीचे बूट लहान झालेत, सहकारी दर महिन्याला स्वतःचा रिपोर्ट तपासायला देते तो ह्याही महिन्यात येईल. असं बरंच.

मग आम्ही ते सोबत वाचलं आणि तिथे तिला पहिल्यांदा जरा हसू आलं, कारण त्यातली हातापायांनी करायची कामं फारच थोडी निघाली. बाकी सगळे न घेतलेले निर्णय, दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघणं, आणि कोण रागावलं असेल ह्याचा हिशोब. म्हणजे ती दिवसभर जे करत होती त्याने ती दमत नव्हती इतकी, जे ठरलेलं नव्हतं त्याने दमत होती. नियोजन करणाऱ्या माणसाला हे ऐकायला विचित्र वाटतं, ती तर ऑफिसात नीटनेटकेपणासाठी प्रसिद्ध! पण आपलं मन एका वेळी जेमतेम चारेक गोष्टी समोर धरू शकतं असं स्मरणशक्तीवर काम करणारे सांगतात, आणि इथे पानंच्या पानं समोर धरायचा प्रयत्न चालला होता. एक गोष्ट निसटू नये म्हणून सतत सगळ्याची उजळणी करत बसायचं, रात्री तीनला जाग आली तरी उजळणी सुरू. प्रिंटरच्या वेळी तेच झालं, तो कागद शेवटचा होता इतकंच.

इथे शरीराबद्दल थोडं सांगायला हवं. तिचा जबडा दुखायचा, खांदे कानापर्यंत चढलेले, पोट बिघडलेलं, आवाज झाला की दचकायची. समोर खरा धोका आहे की न दिलेलं उत्तर आहे ह्यात शरीर फारसा फरक करत नाही, अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसोल हे ताणाचे हार्मोन दोन्हीकडे वाढतात. थोड्या वेळासाठी वाढून परत खाली आले तर काही बिघडत नाही, उलट काम चांगलं होतं. खाली येऊच दिले नाहीत तर झोप, पचन, चिडचिड, सगळीकडे त्याचा भार दिसायला लागतो. म्हणून मी तिला आधी फॅमिली डॉक्टरकडे पाठवलं, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून घ्यायला. हे मी नेहमी करते, कारण नुसता थकवा आणि चिडचिड ह्यांच्यामागे कधीकधी साधं शारीरिक कारण असतं आणि आपण उगाच मनाशी झटत बसतो. तिचे रिपोर्ट ठीक आले.

श्वासाचं नाव काढलं तर ती वैतागली. "मॅडम प्लीज, दीर्घ श्वास घ्या नका सांगू, मला अजून राग येतो." बरोबर आहे तिचं! चिडलेल्या माणसाला खोल श्वास घे म्हटलं की तो छाती भरून घेतो आणि अजून गरगरतं. मी म्हटलं घेण्याचं सोडा, फक्त सोडताना घाई करू नका, घ्यायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा सोडायला जास्त, तीनचार मिनिटं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपोआप थोडे मंदावतात, त्याचा फायदा घ्यायचा. ऑफिसच्या बाथरूममध्ये उभं राहूनही होतं. ह्याने कामं कमी होत नाहीत हे मी तिला स्पष्ट सांगितलं, फक्त निर्णय घ्यायच्या अवस्थेत माणूस येतो. आणि जाता जाता, "स्वतःसाठी वेळ काढा" हा जो सल्ला सगळीकडे मिळतो तो मी अशा लोकांना सुरुवातीला देतच नाही, त्यांच्या यादीत अजून एक न झालेलं काम वाढतं आणि अपराधी वाटायला अजून एक कारण.

पुढच्या वेळी ती आली तर चेहरा आणखी ओढलेला. तिने ती सगळी पानं एका अ‍ॅपमध्ये घातली होती, रंग लावले होते, प्रत्येकाला रिमाइंडर, फोन दिवसभर वाजत होता. हुशार माणसं हे हमखास करतात, झेपत नाही म्हटलं की जास्त कार्यक्षम व्हायला जातात, आणि यादी सांभाळणं हेच नवीन काम होऊन बसतं. अ‍ॅप बंद केलं. त्याऐवजी प्रत्येक ओळीसमोर एकच गोष्ट लिहायची, ह्याचं पुढचं पाऊल काय आणि ते कधी, किंवा मग हे मी करत नाहीये. बस. नळवाल्याला मंगळवारी सकाळी फोन. पोहण्याचं पुढच्या सुट्टीत बघू, तोपर्यंत विषय बंद. साहेबांच्या मेलचा अर्थ त्यांनाच उद्या विचारायचा. नणंदेला दोन ओळींचा मेसेज आत्ताच, माझ्यासमोर.

अर्धवट राहिलेली गोष्ट दुसऱ्या कामात मध्येमध्ये डोकं काढते हे खरं, पण ती पूर्णच करावी लागते असं नाही. मासिकॅम्पो आणि बॉमायस्टर ह्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की ती कधी आणि कशी करायची ह्याचा नेमका बेत केला तरी मन बऱ्यापैकी तिचा पिच्छा सोडतं. "बघू", "करायला पाहिजे" असल्या बेताने नाही सोडत, दिवस आणि पहिली कृती ठरलेली लागते. तिची रात्रीची उजळणी ह्याने बऱ्यापैकी कमी झाली, झोपायच्या आधी पाच मिनिटं उद्याचं लिहून वही स्वयंपाकघरात ठेवायची, उशाशी नाही. तरी जाग आली तर पडून हिशोब करायचा नाही, उठायचं, एक ओळ लिहायची, परत यायचं.

खरा अडथळा पुढे होता. त्या सहकाऱ्याला नाही म्हणायचं होतं. आम्ही सोबत मेसेज लिहायला बसलो तर तिने आधी माफी, मग मुलांच्या परीक्षा, मग स्वतःची पाठदुखी, मग परत माफी, आणि शेवटी "अगदीच अडलं तर सांग मी करते" असं लिहिलं. म्हणजे नाही म्हटलंच नाही! एकेक वाक्य खोडत खोडत उरलं, "ह्या महिन्यापासून मला रिपोर्ट तपासायला जमणार नाही, तुला आधीच कळवतेय." ते पाठवताना तिचा हात थरथरला हे मी बघितलंय. समोरून थोड्या वेळाने अंगठा आला, नुसता अंगठा, बाकी काही नाही. तिला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग रागच आला, इतकी वर्षं मी कशासाठी करत होते म्हणून. तो राग पण बरा होता, आम्ही त्यावर बराच वेळ बोललो.

मग नवऱ्याला एकदा बोलावलं. माणूस खरंच चांगला, म्हणाला, "मी हिला रोज म्हणतो, अगं सांग ना काय करायचं ते, मी करतो." तो खोटं बोलत नव्हता. पण सांगायचं म्हणजे काय, तर लक्षात तिने ठेवायचं, कधी करायचं ते तिने ठरवायचं, झालं का ते तिनेच विचारायचं, आणि मधलं तेवढं ह्याने करायचं. त्याला हे समजावायला कुठलं लेक्चर लागलं नाही, ती पानं त्याच्या हातात दिली. तो बराच वेळ वाचत बसला. मग कामं वाटायच्या ऐवजी आम्ही विषय वाटले. शाळा पूर्ण त्याच्याकडे, म्हणजे ग्रुपवरचे मेसेज, फॉर्म, बूट, मीटिंग, लक्षात ठेवण्यापासून सगळं. सासऱ्यांचे दवाखाने पण त्याच्याकडे. तिने आठवण करायची नाही, ही अट तिच्यासाठी होती आणि तिलाच जास्त जड गेली.

पहिल्याच महिन्यात तो एक फॉर्म विसरला. तिला माहीत होतं शेवटची तारीख उद्या आहे, रात्रभर जीभ चावत राहिली पण बोलली नाही. फॉर्म एक दिवस उशिरा गेला, शाळेने घेतला, नवऱ्याने स्वतःहून फोनमध्ये कॅलेंडर सुरू केलं. सगळ्यांच्या घरी हे इतकं सरळ होत नाही हे मला माहितीये. जिथे जोडीदार नाही किंवा आहे पण ऐकत नाही, तिथे वाटायला कुणी नसतं, मग काय काय करणं थांबवायचं ह्यावरच जास्त काम करावं लागतं, आणि ते हळू होतं.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. तिचं जे होतं ते रोजच्या ताणाचं साचणं होतं, हलकं झालं की ती हसायची, मुलांसोबत रमायची. दोन आठवडे किंवा जास्त काळ दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास असेल, आवडत्या गोष्टीतही काही वाटत नसेल, भूक झोप पार बदलली असेल, तर ते फक्त ताण म्हणून सोडू नका, डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगण्यात अर्थ नाही किंवा स्वतःला काही करून घ्यावं असे विचार येत असतील तर तेव्हा दोन आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं आणि मदत घ्यायची. छातीत दुखत असेल तर ते टेन्शनचं आहे हे आपण ठरवायचं नाही, आधी तपासून घ्यायचं.

तिचं ऑफिसचं काम आजही तितकंच आहे. माणसं कमी आहेत, महिनाअखेर तशीच जाते, त्यावर माझ्याकडे उपाय नाही, आणि समुपदेशनाने तो निघणारही नाही. तिने दुसऱ्या टीममध्ये बदली मागितलीये, अजून उत्तर नाही. जबड्याचं दुखणं थांबलंय, रात्रीची जाग अधूनमधून येते.

शेवटच्या भेटीत तिने विचारलं, हे परत होईल का. मी म्हटलं होऊ शकतं. मग आम्ही तिची सुरुवातीची लक्षणं शोधून काढली, कारण रडू येणं ही फार उशिराची पायरी होती. तिच्या बाबतीत ती अशी निघाली, तोच मेसेज दोनतीनदा वाचूनही उत्तर न देणं, टीव्हीचा आवाज सहन न होणं, आणि "मीच करते, पटकन होईल" हे वाक्य दिवसातून सारखं तोंडात येणं. शेवटचं लक्षण नवऱ्याने सुचवलं. ह्यातली दोन एका वेळी दिसली तर पानं काढून बसायचं, निदान एक विषय कमी करायचा, आणि पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर माझी वेळ घ्यायची, असं आमचं ठरलंय.